बिल्डच्या फाइली रेपोबाहेर कशा ठेवायच्या: गिटइग्नोर अगदी पहिल्यापासून

पहिल्या नोकरीतल्या पहिल्या आठवड्यात मी एका फाइलीत एक ओळ बदलली, `गिट ॲड .` मारलं, कमिट केलं, पुश केलं आणि चहाला गेले. परत आले तर शेजारच्या सीनियरनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. "एकच ओळ बदललीस ना? मग या दोनशे फाइली कसल्या?" त्या सगळ्या बिल्डच्या होत्या. माझ्या मशीनवर कंपायलरनं तयार केलेलं सामान मी टीमच्या रेपोत नेऊन ओतलं होतं. पुढचा अख्खा दिवस ते निस्तरण्यात गेला. तो दिवस तुमचा वाचावा म्हणून हे लिहिते आहे. अगदी नव्यांसाठी: गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, रेपो म्हणजे त्या इतिहासासकट प्रोजेक्टचं फोल्डर, ॲड म्हणजे फाइल नोंदीसाठी निवडणं, कमिट म्हणजे ती नोंद आणि पुश म्हणजे ती टीमच्या सामाईक रेपोत पाठवणं. बिल्ड म्हणजे कोडमधून चालणारा प्रोग्रॅम बनवणं, ते काम कंपायलर करतो. आणि गिटनं कुठल्या फाइलींकडे दुर्लक्ष करायचं याची यादी असलेली फाइल म्हणजे गिटइग्नोर.

आधीच सांगते, या लेखात कमांड आणि फाइलींची नावंही देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये आणि फाइलीत ती नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाइप करायची. ठिपका, चांदणी, तिरकी रेघ, उद्गारचिन्ह ही चिन्हं मात्र इथे दिसतात तशीच टाकायची.

आधी ठरवा: ही फाइल कुणी लिहिली?

सी भाषेतला छोटा प्रोजेक्ट घेऊ. तुम्ही `मेन.सी` लिहिता. `मेक` (बिल्ड करणारी कमांड, तिच्या सूचना `मेकफाइल`मध्ये असतात) चालवलं की कंपायलर त्यातून `मेन.ओ` ही अर्धी तयार, म्हणजे ऑब्जेक्ट फाइल काढतो आणि शेवटी `हॅलो` नावाचा चालणारा प्रोग्रॅम तयार होतो. `मेन.सी` आणि `मेकफाइल` माणसानं लिहिल्या, बाकीच्या दोन मशीननं. रेपोत पहिल्या जातीचं सामान ठेवायचं, दुसऱ्या जातीचं नाही. घरात कोठीत ज्वारी साठवतात, भाकऱ्या नाही. भाकरी लागेल तेव्हा थापता येते.

"पण ठेवल्या तर बिघडतं काय?" हा प्रश्न प्रत्येक नवा माणूस विचारतो, आणि त्याचं उत्तर बहुतेक जण "जागा खातात" एवढंच देतात. जागेचा मुद्दा खरा आहे. गिट प्रत्येक कमिटमधली फाइल इतिहासात धरून ठेवतं, त्यामुळे रोज बदलणारी बिल्डची फाइल रोज नव्यानं साठते आणि क्लोन करणाऱ्या, म्हणजे रेपोची प्रत आपल्या मशीनवर आणणाऱ्या प्रत्येकाला ते सगळं ओझं उतरवून घ्यावं लागतं. गिटहब (गिटचे रेपो ठेवायची वेबसाइट) तर १०० एमबीच्या वरची फाइल पुश करूच देत नाही. ५० एमबीच्या वर गेलात की इशारा देतं. दोघांनी एकाच दिवशी बिल्ड करून कमिट केलं तर मर्ज कॉन्फ्लिक्ट येतो, म्हणजे कुणाचा बदल ठेवायचा ते गिटला ठरवता येत नाही, आणि बायनरी फाइलीतला कॉन्फ्लिक्ट माणसाला वाचताच येत नाही.

माझ्या मते खरा धोका याहून वेगळा आहे. `मेक` हे फाइलींच्या शेवटच्या बदलाची वेळ बघून ठरवतं की पुन्हा कंपाइल करायचं की नाही. `मेन.ओ` ही `मेन.सी`पेक्षा जुनी नसेल तर "हे झालेलंच आहे" म्हणून ते पुढे जातं. गिट मात्र या वेळा साठवत नाही. क्लोन केल्यावर सगळ्या फाइलींवर क्लोनच्या क्षणाची वेळ पडते. आता समजा कुणीतरी `मेन.सी` बदलून कमिट केली, पण सोबतची `मेन.ओ` मागच्या महिन्यातलीच राहिली. नवीन माणूस क्लोन करतो, `मेक` चालवतो, मेक म्हणतं सगळं ताजं आहे, आणि प्रोग्रॅम मागच्या महिन्यासारखा वागतो. कोड एक सांगतो, स्क्रीनवर दुसरंच घडतं. असा बग शोधताना माणूस स्वतःच्या अकलेवर शंका घेऊ लागतो.

कसोटीला एक पुरवणी

"मशीननं बनवली ती वगळा" ही कसोटी बहुतेक ठिकाणी चालते, पण जशीच्या तशी लावली की चुका होतात. प्रश्न असा विचारा: ही फाइल उडवली तर एका कमांडनं *तीच* फाइल परत मिळेल का?

नोडच्या प्रोजेक्टमध्ये `नोड_मॉड्यूल्स` हे फोल्डर डाउनलोड केलेल्या लायब्ररींच्या हजारो फाइलींचं असतं, ते वगळायचं. पण `पॅकेज-लॉक.जेसन` हीसुद्धा मशीननंच लिहिलेली असते आणि ती ठेवायची. कारण ती उडवून पुन्हा इन्स्टॉल केलं तर लायब्ररींच्या आजच्या आवृत्त्या येतील, तेव्हाच्या नाही. रस्टच्या `कार्गो.लॉक`चंही तेच. अँड्रॉइड आणि जावावाल्यांसाठी याहून फसवी फाइल म्हणजे ग्रेडल या बिल्डच्या साधनाची `ग्रेडल-रॅपर.जार`. ती दिसते बिल्डमधून निघालेल्या जारसारखी, पण तिच्यातूनच बिल्ड सुरू होतं. कुणीतरी "सगळे जार वगळा" असं लिहितं आणि रॅपर त्यात वाहून जातो. या जारकडे आपण शेवटी परत येऊ.

फाइल तयार करा

रेपोच्या अगदी वरच्या फोल्डरात, जिथे `.गिट` हे लपलेलं फोल्डर असतं तिथेच, `.गिटइग्नोर` नावाची साधी टेक्स्ट फाइल बनवा. नावाच्या सुरुवातीला ठिपका आहे आणि शेवटी कुठलंही एक्स्टेन्शन नाही.

विंडोजवर इथेच दोन खड्डे आहेत. नोटपॅड गुपचूप शेवटी `.टीएक्सटी` चिकटवतं, सेव्ह करताना "ऑल फाइल्स" निवडा. दुसरा खड्डा जास्त खोल आहे. विंडोजसोबत येणाऱ्या जुन्या पॉवरशेलमध्ये `इको` आणि `>` वापरून फाइल बनवली तर ती यूटीएफ-१६ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) लिहिली जाते. उघडून बघितली तर अक्षरं अगदी बरोबर दिसतात, पण गिटला त्यातलं काही कळत नाही. नियम बरोबर असूनही काहीच वगळलं जात नसेल तर एडिटरमध्ये एन्कोडिंग बघा आणि यूटीएफ-८ मध्ये पुन्हा सेव्ह करा.

आता आपल्या सी प्रोजेक्टसाठी आत एवढंच लिहू:

```
# कंपायलरनं बनवलेल्या फाइली
*.ओ
*.ए

# बिल्डचं फोल्डर आणि शेवटचा प्रोग्रॅम
/बिल्ड/
/हॅलो
```

`#`नं सुरू होणारी ओळ म्हणजे टिपण, गिट ती सोडून देतं. पण टिपण स्वतंत्र ओळीवरच हवं. `*.ओ # ऑब्जेक्ट फाइली` असं एकाच ओळीत लिहिलं तर गिट ती पूर्ण ओळ एक नमुना समजतं, आणि त्या विचित्र नावाची फाइल तुमच्याकडे अर्थातच नसते.

चांदणी म्हणजे काहीही, फक्त तिरकी रेघ सोडून. त्यामुळे `*.ओ` हे कुठल्याही पातळीवरच्या फोल्डरातली ऑब्जेक्ट फाइल पकडतं, पण `डॉक्स/*.एचटीएमएल` हे फक्त `डॉक्स`मध्ये थेट असलेल्या फाइली पकडतं, आतल्या उपफोल्डरातल्या नाही. त्याही हव्या असतील तर दोन चांदण्या: `डॉक्स/**/*.एचटीएमएल`.

तिरकी रेघ कुठे आहे यावर सगळं ठरतं, आणि नव्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. शेवटी रेघ असेल तर नियम फक्त फोल्डरला लागू होतो. सुरुवातीला किंवा मध्ये रेघ असेल तर नियम ही `.गिटइग्नोर` फाइल ज्या फोल्डरात आहे तिथूनच मोजला जातो. रेघ कुठेच नसेल, किंवा फक्त शेवटी असेल, तर तो आतल्या सगळ्या पातळ्यांवर चालतो. म्हणजे `/बिल्ड/` हे फक्त वरचं एक बिल्ड फोल्डर वगळतं, तर नुसतं `बिल्ड/` लिहिलं तर `सोर्स/टूल्स/बिल्ड/` हेही गेलं. तुमच्या एखाद्या सहकाऱ्यानं हातानं लिहिलेल्या स्क्रिप्ट नेमक्या त्याच नावाच्या फोल्डरात ठेवल्या असतील तर त्या कधीच कमिट होणार नाहीत, आणि गिट तक्रारही करणार नाही. म्हणून शक्य तिथे सुरुवातीची रेघ द्यावी, असं माझं मत. याच कारणानं `/हॅलो`लाही रेघ दिली आहे.

दुसऱ्या भाषांची यादी इथे देत बसत नाही. मेव्हन आणि रस्ट दोघांचं बिल्ड `टार्गेट` फोल्डरात जातं, ग्रेडलचं `बिल्ड`मध्ये, पायथनच्या `__पायकॅश__` फोल्डरात `.पीवायसी` फाइली पडतात. `कार्गो न्यू` केलं की `/टार्गेट` लिहिलेली गिटइग्नोर आपोआप येते. गिटहबनं जवळपास प्रत्येक भाषेसाठी तयार नमुने एका सार्वजनिक रेपोत ठेवले आहेत, नवा रेपो उघडताना तिथल्या यादीतून निवडताही येतात. घ्या, पण वाचून घ्या. दीडशे ओळी डोळे झाकून चिकटवल्या की सहा महिन्यांनी "ही फाइल का दिसत नाही?" म्हणून तुम्हीच शोधत बसाल.

खरंच चालतंय का ते बघा

`मेक` चालवून बिल्ड होऊ द्या आणि मग:

```
गिट स्टेटस --शॉर्ट --इग्नोर्ड
```

ज्या ओळीच्या सुरुवातीला `??` आहे ती फाइल गिटला दिसते आहे पण अजून ट्रॅक होत नाही, म्हणजे गिट तिचे बदल नोंदवत नाही. `!!` असेल तर ती वगळलेली आहे. बिल्डचं सगळं सामान `!!`च्या खाली आणि `??`च्या खाली फक्त तुम्ही लिहिलेल्या नव्या फाइली, असं चित्र दिसायला हवं.

एखादी फाइल का वगळली गेली हे कळत नसेल तर अंदाज बांधत बसू नका, गिटलाच विचारा:

```
गिट चेक-इग्नोर -व्ही सोर्स/मेन.ओ
```

उत्तर असं येतं:

```
.गिटइग्नोर:२:*.ओ    सोर्स/मेन.ओ
```

म्हणजे या फाइलीतल्या दुसऱ्या ओळीतल्या या नमुन्यानं तिला पकडलं. ही कमांड मला नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कळली, आणि आधीची दोन वर्षं एकेक ओळ खोडून बघण्यात गेली.

आधीच कमिट झालेल्या फाइली

"गिटइग्नोरमध्ये लिहिलं तरी फाइल अजून दिसतेच आहे." हा नेहमीचा रडका प्रश्न. कारण साधं आहे: गिटइग्नोर फक्त ट्रॅक न होणाऱ्या फाइलींना लागू होतं. जी फाइल एकदा कमिट झाली ती गिटच्या घरची झाली. दारावर "प्रवेश बंद"ची पाटी लावून घरातला माणूस बाहेर जात नाही.

तिला बाहेर काढायचं तर इंडेक्समधून (गिटच्या ट्रॅक होणाऱ्या फाइलींच्या यादीतून) काढायचं, डिस्कवरून नाही:

```
गिट आरएम -आर --कॅश्ड बिल्ड
गिट कमिट -एम "बिल्डच्या फाइली ट्रॅकिंगमधून काढल्या"
```

`--कॅश्ड` विसरलात तर तुमच्या डिस्कवरूनही फाइली उडतील. बिल्डच्या असतील तर फारसं बिघडत नाही, पुन्हा बनवता येतात. सेटिंगची फाइल असेल तर रडू येईल. अशा वगळायला हव्या तरी ट्रॅक होणाऱ्या सगळ्या फाइली एकदम शोधायच्या तर:

```
गिट एलएस-फाइल्स -आय -सी --एक्सक्लूड-स्टँडर्ड
```

यादी रिकामी आली की समजायचं, रेपो स्वच्छ.

दोन गोष्टी टीमला आधी सांगून ठेवा. एक, हे कमिट बाकीच्यांनी पुल केलं (आपल्या मशीनवर ओढून घेतलं) की *त्यांच्या* डिस्कवरून त्या फाइली नाहीशा होतात, कारण गिटच्या दृष्टीनं तुम्ही त्या डिलीट केल्या आहेत. `लोकल.प्रॉपर्टीज`सारखी फाइल असेल, जिच्यात प्रत्येकाच्या मशीनवरचा अँड्रॉइड एसडीकेचा पत्ता असतो, तर "पुल करण्याआधी कॉपी काढून ठेवा" असा मेसेज ग्रुपवर टाका. दोन, जुन्या कमिटमध्ये त्या फाइली तशाच राहतात. बिल्डच्या फाइलींसाठी इतिहास खरवडायची गरज सहसा नसते. पण `.एन्व्ही` या गुप्त सेटिंगच्या फाइलीतला पासवर्ड किंवा एपीआय की (एखादी सेवा वापरायची गुप्त किल्ली) पुश झाली असेल तर फाइल काढून भागत नाही. ती की फुटली असंच धरा आणि आधी नवीन घ्या. इतिहास साफ करणं त्यानंतर.

नेटवर काही ठिकाणी `अपडेट-इंडेक्स --अझ्यूम-अनचेंज्ड` हा उपाय सापडेल: फाइल ट्रॅक होत राहते पण तिच्यातले बदल दिसत नाहीत. यासाठी तो बनलेलाच नाही, आणि गिटचं स्वतःचं मार्गदर्शनही तो असा वापरू नका असंच सांगतं. सेटिंगसाठी `कॉन्फिग.नमुना` अशी फाइल कमिट करा, प्रत्येकानं तिची कॉपी करून आपली `कॉन्फिग` बनवावी, आणि ती गिटइग्नोरमध्ये टाका.

अपवाद ठेवायचा असेल तर

`डेटा` फोल्डरातलं सगळं वगळायचं, पण एक नमुना फाइल ठेवायची आहे. उद्गारचिन्हानं अपवाद करता येतो, म्हणून माणूस सहज लिहितो:

```
/डेटा/
!/डेटा/नमुना.सीएसव्ही
```

आणि हे चालत नाही. पहिल्या ओळीनं अख्खं फोल्डर वगळलं की गिट त्याच्या आत डोकावतच नाही, मग आतल्या फाइलीचा अपवाद त्याला दिसणार कसा? फोल्डर नको, त्यातल्या वस्तू वगळा:

```
/डेटा/*
!/डेटा/नमुना.सीएसव्ही
```

एका चांदणीचा फरक. ओळींचा क्रमही महत्त्वाचा, कारण एकाच फाइलीला अनेक नियम लागू होत असतील तर शेवटचा जिंकतो. रिकामं फोल्डर गिट साठवतच नाही, म्हणून काही रेपोंमध्ये `.गिटकीप` नावाची रिकामी फाइल दिसते. ते नाव गिटचं नाही, लोकांनी पाडलेली रीत आहे. कुठलीही फाइल चालेल.

कुणाचा नियम कुठे

गिटइग्नोर टीमची असते. प्रोजेक्ट कुणीही बिल्ड केला तरी जे पडणार, ते त्यात. मॅकवर पडणारी `.डीएस_स्टोअर` किंवा तुमच्या एडिटरच्या तात्पुरत्या फाइली हा तुमचा घरगुती मामला आहे; त्यासाठी होम फोल्डरात `.कॉन्फिग/गिट/इग्नोर` ही फाइल बनवा, तुमच्या मशीनवरच्या सगळ्या रेपोंना ती लागू होते. आणि फक्त एका रेपोपुरतं, फक्त तुमच्यासाठी काही वगळायचं असेल, म्हणजे टिपणांची फाइल वगैरे, तर त्या रेपोतल्या `.गिट/इन्फो/एक्सक्लूड`मध्ये लिहा. ती कधीच कमिट होत नाही.

प्रत्येक उपफोल्डरात स्वतःची गिटइग्नोरही असू शकते. हे नीट वापरलेलं बघायचं तर लिनक्स कर्नेलचा रेपो उघडा. लिनस टोरवाल्ड्सनं २००५ मध्ये गिट लिहिलं ते याच कोडसाठी. तिथल्या वरच्या गिटइग्नोरमध्ये टिपण आहे की एखाद्या ठराविक उपफोल्डरातच तयार होणाऱ्या फाइली इथे घालू नका, त्या फोल्डरातल्या गिटइग्नोरमध्ये घाला. त्याखालच्याच टिपणात सांगितलंय की ही फाइल बदललीत तर वर दिली तशीच `एलएस-फाइल्स` चालवून बघा, चुकून एखादी ट्रॅक होणारी फाइल नियमात सापडली का. इतक्या लोकांचा हात लागणाऱ्या कोडमध्ये ही शिस्त का लागते ते समजतं.

यातलीच एक छान युक्ती: पायथन ३.१३ पासून `व्हीएन्व्ही` हे साधन नवं एन्व्हायर्नमेंट (प्रोजेक्टच्या लायब्ररींचं वेगळं फोल्डर) बनवताना त्याच्या आत गिटइग्नोर टाकतं, तिच्यात नियम एकच, `*`. फोल्डर स्वतःच स्वतःला वगळतं. तुमची बिल्ड स्क्रिप्ट फोल्डर बनवत असेल तर तुम्हीही हे करू शकता.

झाडलोट

वगळलेल्या फाइली उडवून कोरं बिल्ड करायचं असेल तर `गिट क्लीन` आहे. पण आधी कोरडी तालीम:

```
गिट क्लीन -एन -डी -एक्स
```

यातला एक्स कॅपिटल. कॅपिटल एक्स फक्त वगळलेल्या फाइली उडवतो. छोटा एक्स त्यांच्यासोबत तुम्ही नव्यानं लिहिलेल्या, अजून `ॲड` न केलेल्या फाइलीही उडवतो, आणि त्या परत येत नाहीत. `-एन` आहे तोवर गिट फक्त यादी दाखवतं. यादी खरोखर वाचा, कारण वगळलेल्यांत तुमची `.एन्व्ही` आणि `लोकल.प्रॉपर्टीज` पण असतात. पटलं की `-एन`च्या जागी `-एफ`.

शेवटची तपासणी

इतका वेळ आपण नको ते आत येऊ नये म्हणून धडपडलो. हवं ते बाहेर राहिलं का, हे गिट स्वतःहून सांगत नाही, आणि तुमच्या मशीनवर कळतही नाही, कारण तिथे ती फाइल डिस्कवर असतेच. म्हणून सगळं कमिट झाल्यावर रेपोच्या फोल्डरातूनच शेजारी नवी प्रत काढा आणि तिथे बिल्ड करा:

```
गिट क्लोन . ../तपासणी
सीडी ../तपासणी
मेक
```

क्लोनमध्ये फक्त कमिट झालेलंच येतं. `मेक`ऐवजी ग्रेडल असेल आणि "रॅपर सापडत नाही" अशा अर्थाची एरर आली, तर `*.जार`नं त्याला गिळलंय. गिटइग्नोरमध्ये `*.जार`च्या खाली `!ग्रेडल/रॅपर/ग्रेडल-रॅपर.जार` ही ओळ घाला, जार `ॲड` करून कमिट करा, `तपासणी` फोल्डर उडवा आणि पुन्हा क्लोन करून बघा.